जागा मागणाऱ्यांच्या बाजूने

आमच्या सोसायटीची सहल यंदा एका थीम पार्कला गेली होती. परतीच्या बसमध्ये अंताक्षरी संपली, वेफर्सची पाकिटं रिकामी झाली आणि मग खटला उभा राहिला. आरोपी माझी चौदा वर्षांची भाची. गुन्हा असा, की रोलर कोस्टरच्या फलाटावर तिची पाळी आली तेव्हा गाडीत मधल्या ओळीतल्या दोन जागा उरल्या होत्या आणि तिने त्या न घेता तिथल्या मुलाला विचारलं, “दादा, पहिल्या ओळीत बसता येईल का? आम्ही थांबू.” तो म्हणाला, “बाजूला उभ्या राहा. दोन गाड्या जाऊ देत.” ती आणि तिची मैत्रीण कडेला उभ्या राहिल्या, दोन गाड्या सोडल्या, तिसऱ्या गाडीत अगदी पुढे बसल्या आणि घसा बसेपर्यंत ओरडून परत आल्या. एवढंच.

फिर्यादी आमच्याच मजल्यावरचे काका. ते म्हणाले, “तिकीट सगळ्यांचं सारखं. बसवतील तिथे गपचूप बसावं. ही जागा द्या, ती जागा नको, ही काय रीत झाली? आधीच एवढी रांग, त्यात ती कामावरची पोरं दमलेली. आणि उद्या प्रत्येक जण मागायला लागला तर?” बसमधल्या बहुतेकांनी माना डोलावल्या. एक मावशी म्हणाल्या, “आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही.” भाची खिडकीबाहेर बघत राहिली. मी तिचा सख्खा मामा. पण मीही गप्प बसलो. तिथे बोलायला हवं होतं ते इथे लिहितो आहे.

काकांवर माझा राग नाही. ते सज्जन आहेत, रांग मोडत नाहीत, कचरा खिशात ठेवतात. अडचण तीच आहे. जागा मागणं म्हणजे असभ्यपणा, हे मत दांडगट माणसांचं नसतं, सभ्य माणसांचंच असतं. म्हणून ते हसण्यावारी नेता येत नाही. त्याला मुद्द्याला मुद्दा दिला पाहिजे.

पहिला मुद्दा, तिकीट सारखं म्हणून जागाही सारखीच. एके काळी हे खरं होतं. १८८४ साली ला मार्कस थॉम्पसन यांनी न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ‘स्विचबॅक रेल्वे’ सुरू केली. भाडं ५ सेंट, वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर, आणि माणसं बाकावर गाडीच्या दिशेला आडवी तोंडं करून बसायची, व्हरांड्यात बसल्यासारखी. तिथे पुढचं-मागचं असं फारसं काही नव्हतंच. काका त्या गाडीत असते तर मी त्यांच्या बाजूने मत दिलं असतं.

पण पुढे माणसांची तोंडं समोर वळली, उतार खोल झाले, गाड्या लांब झाल्या, आणि प्रत्येक ओळीची राइड वेगळी झाली. साखळीने वर ओढलेली गाडी माथ्यावर येते तेव्हा पहिला डबा आधी पलीकडे झुकतो. मागचे डबे अजून चढावरच असतात आणि त्यांचं वजन गाडीला धरून ठेवतं. म्हणून पुढची माणसं काठावर क्षणभर लोंबकळतात, खालची दरी नीट बघतात आणि मग पडतात. शेवटच्या डब्याचं उलट. तो माथ्यावर येईपर्यंत बहुतेक गाडी उताराला लागलेली असते आणि तीच त्याला खेचून नेते. तो माथा वेगात ओलांडतो आणि आतली माणसं आसनावरून वर उचलली जातात. ज्याला आपण ‘पोटात गोळा येणं’ म्हणतो, तो गोळा पहिल्या उतारावर मागच्या डब्यात चांगलाच मोठा असतो. मधल्या डब्याची तिसरीच कथा. गाडीचा मध्य माथ्यावर असतो तेव्हा ती सगळ्यात हळू चाललेली असते आणि मध्य दरीच्या तळाशी असतो तेव्हा सगळ्यात वेगात. म्हणून मधल्यांना वर उचल कमी आणि खाली दाब जास्त. लाकडी कोस्टरवर तर डबा तोच असला तरी चाकांच्या वरचं आसन हाडं मोजतं आणि दोन चाकांच्या मधलं त्या मानाने माया करतं.

शिवाय डोळ्यांचा प्रश्न आहे. खोपोलीजवळच्या इमॅजिकात नायट्रो नावाची कोस्टर आहे, स्वित्झर्लंडच्या बॉलिगर अँड मॅबियार कंपनीच्या बनावटीची. एका ओळीत चार जण आणि पायाखाली डब्याचा तळच नाही. फलाटावर असताना पायाखाली जी फरशी असते ती सुटायच्या वेळी बाजूला सरकते. अशा गाडीत पहिल्या ओळीतल्या चौघांना समोर फक्त रूळ आणि आभाळ दिसतं. बाकीच्यांना त्याबरोबर समोरच्या आसनांच्या पाठीही दिसतात. दोघांनी एकाच तिकिटात एकच गोष्ट घेतली, असं कसं म्हणायचं? नाटकाला पहिल्या रांगेचा आणि बाल्कनीचा दर वेगळा असतो. राइडला तो एकच असतो, याचा अर्थ जागा सारख्या आहेत असा होत नाही. अर्थ एवढाच, की त्या कुणाला मिळाव्यात हे पैशांनी ठरवायचं नाही. मग कशाने ठरवायचं, हा खरा प्रश्न आहे, आणि ‘गपचूप बसा’ हे त्याचं उत्तर नव्हे.

जागेने किती फरक पडतो याची मोजदादही झालेली आहे, आणि ती भलत्याच दिशेने. मिशिगन स्टेट विद्यापीठातले मूत्रविकारतज्ज्ञ डेव्हिड वॉर्टिंगर यांना त्यांचे रुग्ण सांगायचे, की फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमधल्या ‘बिग थंडर माउंटन’ या कोस्टरवर बसलो आणि मूतखडा पडला. त्यांनी आणि मार्क मिचेल यांनी मूत्रपिंडाच्या आतल्या पोकळ्यांची सिलिकॉनची प्रतिकृती केली, तिच्यात खरे खडे ठेवले, ती पाठीवरच्या पिशवीत मूत्रपिंडाच्या उंचीवर धरली आणि त्या कोस्टरच्या २० फेऱ्या मारल्या. पुढे बसल्यावर खडा सुटला २४ पैकी ४ वेळा. अगदी मागे बसल्यावर ३६ पैकी २३ वेळा. २०१६ साली हे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकात आले आणि २०१८ साली त्यांना वैद्यकाचं इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. मी हसून झालो आहे आणि आता विचार करतो आहे. सिलिकॉनच्या मूत्रपिंडाला जो फरक कळतो तो चौदा वर्षांच्या मुलीला कळला तर तिचं काय चुकलं?

दुसरा मुद्दा वेळेचा. हा काकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो. कोस्टरची क्षमता ठरते ती गाडी किती झपाट्याने भरते आणि सुटते यावर. समजा गाडीत २८ जागा आहेत आणि दर ९० सेकंदांना एक गाडी सुटते. तासाला ४० गाड्या, ११२० माणसं. आता फलाटावर प्रत्येक वेळी “तू इकडे ये, मी तिकडे जातो” करत ३० सेकंद जास्त गेली, तर गाड्या होतात ३० आणि माणसं ८४०. तासाला २८० माणसं रांगेतच राहिली. यापेक्षा प्रत्येक गाडीत दोन जागा रिकाम्या गेल्या असत्या तरी नुकसान कमी होतं, तासाला ८० जागांचं. आणि फटका फक्त रांगेला बसत नाही. कोस्टरचा मार्ग रेल्वेसारखाच ब्लॉकमध्ये विभागलेला असतो आणि एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. फलाटावरची गाडी हलली नाही, की मागून आलेली गाडी बाहेर ब्रेकवर अडकून राहते. तिच्यातली माणसं राइड संपली तरी उन्हात, पट्ट्यात जखडलेली, आत काय चाललंय याचा अंदाज घेत बसतात.

तेव्हा गाडी भरताना घातलेला घोळ हा छोटा अपराध नाही, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण माझ्या भाचीने तो घातला का? तिने विचारलं ते जागेवर बसण्याआधी. उत्तर मिळालं आणि ती बाजूला झाली. गाडी एक सेकंदही थांबली नाही. उलट त्या दोघींनी सोडलेल्या मधल्या ओळीतल्या दोन जागांवर त्यांच्या लगेच मागे उभे असलेले दोघे बसले, नाहीतर त्यांना पुढच्या गाडीची वाट बघावी लागली असती. ते दोघे म्हणजे काका आणि काकू. बसमध्ये हे कुणाच्या लक्षात आलं नाही, काकांच्याही नाही. ज्या मागणीमुळे ते एक गाडी आधी राइडला गेले तिच्याबद्दल ते तासभर तक्रार करत होते.

भेद इथे करायला हवा, आणि तो मागणाऱ्या आणि न मागणाऱ्या माणसांत नाही. तो मागणीची किंमत कोण भरतं यात आहे. पहिली ओळ हवी, त्यासाठी मी दोन गाड्या सोडतो, ही किंमत मी माझ्या वेळेतून भरली. हट्ट धरून गाडी अडवली, तर ती मी फलाटावरच्या आणि रांगेतल्या सगळ्यांच्या वेळेतून भरली. पहिली विनंती आहे आणि दुसरी उचलेगिरी. दोन्हींना एकच नाव देऊन दोन्हींवर बंदी घालणं म्हणजे उधार मागणारा आणि खिसा कापणारा एकाच कोठडीत टाकणं.

जगातल्या अनेक पार्कांनी हा भेद फलाटाच्या रचनेतच उतरवला आहे. फलाटावर प्रत्येक ओळीसमोर छोटं फाटक आणि त्यामागे छोटी रांग. ज्याला जी ओळ हवी त्याने त्या फाटकासमोर उभं राहायचं. पहिल्या ओळीपुढे गर्दी जास्त, तिथे जास्त थांबायचं. इंग्लंडमधल्या आल्टन टॉवर्सची नेमेसिस १९९४ साली सुरू झाली, तिला पुढच्या ओळीसाठी वेगळी रांगच असायची. यात कुणी कुणाची विनवणी करत नाही आणि कुणी कुणाला उद्धट म्हणत नाही. चौघांची ओळ, पुढे वीस माणसं, तर पाच गाड्या, म्हणजे साडेसात मिनिटं. परवडत असेल तर थांबा, नाहीतर मागच्या फाटकाशी जा. जिथे फाटकं नाहीत, कामावरचा मुलगाच ओळी वाटून देतो, तिथे हीच व्यवस्था तोंडी चालते: “पहिली ओळ मिळेल का? आम्ही थांबू.” माझ्या भाचीने नवीन काही शोधून काढलेलं नाही. फाटक नव्हतं, म्हणून तिने शब्द वापरले.

तिसरा मुद्दा त्या कामावरच्या मुलांचा. ऊन, कर्कश संगीत, दिवसभर तीच सूचना, आणि त्यात आपल्या फर्माइशी. काकांची ही कणव खरी आहे आणि ती मला आवडली. पण त्या मुलाला दमवतो तो प्रश्न नव्हे. “थांबू” हा शब्द जोडून आलेल्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर लागतं, दोन सेकंदांचं काम. त्याला दमवते ती ‘नाही’नंतरची हुज्जत. त्याचं ‘नाही’ हे शेवटचं ‘नाही’, हे मानायची तयारी असेल तर विचारण्यात त्याला त्रास नाही. नसेल तर तोंडच उघडू नये.

हे ‘नाही’ का पाळायचं, तर त्यामागे बहुतेक वेळा कारण असतं आणि ते समजावून सांगायला त्याला वेळ नसतो. आपल्याकडे जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्यांना हे जास्त चांगलं कळावं. पाळणेवाला एका बाजूचे दोन पाळणे भरतो आणि चक्र फिरवून समोरच्या बाजूचे भरायला घेतो. “आम्हाला वहिनींच्या शेजारचा पाळणा द्या” म्हटलं तर तो ऐकत नाही. तो माजलेला नसतो, तोल सांभाळत असतो. अमेरिकेत पिट्सबर्गजवळ केनीवुड पार्कमध्ये थंडरबोल्ट नावाची जुनी लाकडी कोस्टर आहे. तिच्यात एकट्याला बसू देत नाहीत, कारण वळणांवर माणूस बाकावरून आडवा फेकला जातो. तिथे “मला एकट्यालाच बसायचंय” ही मागणी कितीही गोड शब्दांत केली तरी व्यर्थ. वॉटर पार्कमधल्या तराफ्यांवर कुणी पुढे आणि कुणी मागे बसायचं हे अनेकदा वजन बघून ठरतं. तिथे निमूट बसावं. काकांचं वाक्य तिथे अगदी बरोबर आहे.

पण याच कारणांची दुसरी बाजूही आहे. काही कोस्टरवर ठरावीक ओळींत मोठ्या देहाच्या माणसांसाठी सैल किंवा लांब पट्ट्याची आसनं असतात. अशा माणसाने ती ओळ आधीच मागितली नाही आणि भिडेपोटी दाखवलेल्या जागी बसला, तर काय होतं? पट्टा लागत नाही. दोन जण येऊन तो दाबतात, तरी लागत नाही. गाडी थांबते, सगळे मान वळवून बघतात, आणि त्याला उठून सगळ्यांदेखत बाहेर चालत जावं लागतं. न मागण्याने गाडीही अडली आणि माणसाची शोभाही झाली. गुडघ्याचं दुखणं, मानेची शस्त्रक्रिया, सोबतीला घाबरणारं मूल, या सगळ्यांची गोष्ट हीच. त्यांनी मागणं हा लाड नाही. ते आधीच बोलले तर सगळ्यांचंच काम सोपं होतं. आणि ‘मागणं वाईट’ ही शिकवण सगळ्यात आधी यांनाच गप्प करते. दांडगट माणूस असल्या शिकवणीने कधी गप्प बसल्याचं मी पाहिलेलं नाही.

एक उदाहरण मागणीच्या अंताचंही द्यायला हवं. डिस्ने वर्ल्डच्या मोनोरेलमध्ये वर्षानुवर्षं एक पद्धत होती. विचारलं तर चालकाच्या शेजारी, अगदी पुढच्या केबिनमध्ये बसायला मिळायचं. माहीत असलेले विचारायचे, जागा असेल तर बसायचे. जुलै २००९ मध्ये दोन मोनोरेलची टक्कर झाली, एका चालकाचा मृत्यू झाला आणि ती पद्धत बंद झाली. आज तिथे केबिनमध्ये बसायचा हट्ट धरणं चूकच. पण ती बंद झाली ती धोक्याचं कारण कळल्यामुळे. विचारणारे उद्धट होते म्हणून नव्हे. जिथे कारण आहे तिथे नियम मानू या. जिथे कारण नाही तिथे निव्वळ भिडेला नियमाचा दर्जा कशाला द्यायचा?

आता चौथा मुद्दा, ज्यावर बसमधल्या बहुतेक माना डोलल्या: उद्या प्रत्येक जण मागेल. याच्यामागे न बोललेलं वाक्य आहे: आपली माणसं कशी आहेत ते तुम्हाला माहीत नाही का? आहे की. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकणारी, पिशवी फेकणारी, प्रसंगी पोरगंच आत सरकवणारी माणसं ती आपलीच. अशांना पसंतीची मुभा दिली तर कोस्टरच्या आसनांवरही रुमाल पडतील, ही भीती अगदीच खोटी नाही.

पण रुमाल का पडतो ते बघा. तो पडतो कारण त्या गर्दीच्या बसमध्ये विचारायला कुणी नसतं आणि विचारून काही मिळेल असा भरवसा नसतो. रुमाल ही मुकी मागणी आहे. ती कुणाला उद्देशून नसते, तिला ‘नाही’ म्हणायची सोय नसते आणि तिच्या बदल्यात मागणारा काही देत नाही. विनंती या तिन्ही बाबतींत तिच्या उलट. मागणं बंद केल्याने रुमाल बंद होत नाहीत. तोंडाला कुलूप लावलं की हात चालतात.

आमच्याच बसचं घ्या. सकाळी साडेसहाला आम्ही खाली उतरलो तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या खिडकीच्या जागेवर काकांची निळी पिशवी आधीच विराजमान होती. का, तर काकूंना बस लागते. कारण शंभर नंबरी होतं. काकांनी नुसतं विचारलं असतं, तर चाळीस जणांतल्या कुणीही ती जागा हसत दिली असती. पण विचारणं म्हणजे कमीपणा, म्हणून पिशवी. जागाजागांत फरक असतो हे काकांना पक्कं ठाऊक आहे. मागायला ते लाजतात, एवढंच. ताकाला जाऊन भांडं लपवायचं आणि जी पोर भांडं उघड पुढे करते तिला संस्कार शिकवायचे, हे काही बरोबर नाही.

आणि आपल्याच माणसांनी विचारून जागा वाटून घेण्याची एक देखणी रीत घडवली आहे, तीही मुंबईच्या लोकलमध्ये. गर्दीच्या डब्यात उभा माणूस बसलेल्याला विचारतो, “कुठे उतरणार?” तो म्हणतो, “ठाणे.” झालं, ठाण्याला ती जागा याची. मधे दुसरं कुणी घुसायला लागलं तर आजूबाजूचेच सांगतात, “त्यांनी विचारलंय.” फलक नाही, नियमावली नाही, टीसी नाही. अनोळखी माणसांनी रोजच्या रेटारेटीत एका प्रश्नाला हक्काचा दर्जा दिला, कारण तो प्रश्न विचारणारा पाळी येईपर्यंत उभा राहायला तयार असतो. प्रत्येक जण विचारेल तर काय होईल, याचं उत्तर रोज सकाळी कल्याणहून सुटतं.

काकांनी न काढलेला एक मुद्दा आता मी काढतो. जगभरच्या पार्कांत आज पसंतीला किंमत आहे आणि ती उघडपणे रुपये-डॉलरांत आहे. डिस्नेने १९९९ साली फास्टपास आणला, रांगेऐवजी वेळ ठरवून येण्याचा, तो फुकट होता. २०२१ साली अमेरिकेतल्या त्यांच्या पार्कांत त्याची जागा पैसे घेऊन मिळणाऱ्या ‘लायटनिंग लेन’ने घेतली. युनिव्हर्सलमध्ये एक्स्प्रेस पास असतो, इमॅजिकातही एक्स्प्रेस तिकीट मिळतं. ज्यांना परवडतं ते घेतात, मी त्यांना पापी म्हणत नाही. पण जास्त पैसे देऊन शेकडो माणसांच्या पुढे जाणं ही ‘सोय’ आणि शेकडो माणसांबरोबर रांगेत उभं राहून वर दोन गाड्या सोडून पहिली ओळ मागणं हा ‘उद्धटपणा’, हा कुठला न्याय? पहिल्यात इतरांचा वेळ जातो, दुसऱ्यात मागणाऱ्याचा स्वतःचा. सभ्यपणाचे नियम असे लिहिले, की खिशात पैसा असलेल्यालाच निवड करता येते आणि बाकीच्यांसाठी ‘गपचूप’ तेवढं उरतं.

मग मागावं कसं? गाडी फाटकाशी येण्याआधी, एकदाच, थांबण्याची तयारी सांगून. आसनावर बसल्यावर नाही, पट्टा खाली आल्यावर तर मुळीच नाही. दुसऱ्याला उठवून नाही. पाच जणांच्या कुटुंबाने चारच्या ओळीत एकत्र बसायचा हट्ट धरायचा नाही, त्याला भूमितीचाच विरोध आहे. जिथे एकट्या माणसांची वेगळी, लवकर सरकणारी रांग असते, तिथे तर अजिबात नाही. मोकळी जागा मिळेल तिथे बसण्याच्या बोलीवरच तुम्ही ती छोटी रांग धरलेली असते. आणि ‘नाही’ आलं, तर “बरं” म्हणून दाखवलेल्या जागी बसावं. या चौकटीतली मागणी कुणाचं काही घेत नाही.

शेवटचा आक्षेप मीच माझ्यावर घेतो. राइडच्या ओळीवरून एवढा कागद काळा करण्यासारखं काय आहे? काही नाही. दोन मिनिटांची गाडी, पुढे बसा नाहीतर मागे. पण रीतभात शिकली जाते ती असल्याच बिनमहत्त्वाच्या जागी. बँकेच्या खिडकीवर, दवाखान्यात, पगार ठरवताना माणूस ऐनवेळी नवीन स्वभाव आणत नाही, आधीचाच वापरतो. भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात आणि पोरांना, त्यातून पोरींना, भीडच शिकवतात. त्या चौदा वर्षांच्या मुलीला काय हवं ते माहीत होतं. ते कुणाला विचारायचं हेही कळलं. त्याची किंमत काय आणि ती कुणी भरायची, हेही तिने न सांगता ओळखलं. आम्ही मोठ्यांनी तासभर तिला सांगितलं, की हे पुन्हा करू नकोस.

आता कबुली. डॉक्टरांनी मला दोन महिन्यांपूर्वी ४ मिलिमीटरचा खडा दाखवला आहे. सिलिकॉनच्या मूत्रपिंडाचा प्रयोग मी काही विज्ञानाच्या ओढीने वाचलेला नाही. त्या दिवशी रांगेत दोन तास माझ्या मनात एकच विचार होता, शेवटची ओळ. तो काही उपचार नव्हे, आणि प्रयोग दुसऱ्याच कोस्टरवरचा, हे ठाऊक होतं. गंमत म्हणूनच, पण मला शेवटची ओळ हवी होती. फलाटावर पोचलो. मुलाने विचारलं, “किती जण?” मी म्हणालो, “एकटाच. कुठेही चालेल.” त्याने तिसऱ्या ओळीकडे बोट दाखवलं आणि मी जाऊन बसलो.

खडा अजून आहे. बसवला तिथे गपचूप बसला आहे.